प्राण्याचा अर्थ आणि माणसाची जबाबदारी : गॉथिक लघुकथेतील प्राण्यांची मानसशास्त्रीय व प्रतीकात्मक वाचने

सारांश

गॉथिक लघुकथेतील प्राण्यांचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. मानसशास्त्रीय वाचनात प्राणी हे दडपलेल्या वासनेचे, अपराधभावाचे किंवा भीतीचे रूप ठरते. प्रतीकात्मक वाचनात ते पाप, मृत्यू, वंश किंवा उत्क्रांती यांसारख्या कल्पनेचे चिन्ह ठरते. दोन्ही वाचने उपयुक्त आहेत. परंतु प्राण्याला अर्थ देण्याची क्रिया या कथांतील पात्रेच आधी करतात, या गोष्टीकडे त्यांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. एडगर अॅलन पो, शेरिडन ल फानू, रडयार्ड किपलिंग आणि साकी यांच्या चार कथांच्या आधारे प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, प्राण्याचा अर्थ काय, या प्रश्नाइतकाच तो अर्थ कोण लावतो आणि त्यामुळे कोणाची जबाबदारी टळते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

बीजसंज्ञा : गॉथिक लघुकथा, प्राणिप्रतीक, मनोविश्लेषण, अविश्वसनीय निवेदक, जबाबदारी.

१. प्रस्तावना

गॉथिक साहित्याचा आरंभ सामान्यतः होरेस वॉल्पोल यांच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ या कादंबरीपासून मानला जातो. पडके किल्ले, भुयारे, शापित घराणी आणि बंदिस्त नायिका ही या प्रकाराची सुरुवातीची सामग्री होती. एकोणिसाव्या शतकात १८१७ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॅकवुड्स’सारख्या नियतकालिकांतून भयकथेला लघुरूप मिळाले आणि तिचा अवकाश आक्रसला. किल्ल्याच्या जागी घर आले, भुयाराच्या जागी तळघर आले, आणि भयाचे निमित्त म्हणून अनेकदा एखादा लहानसा प्राणी पुरेसा ठरू लागला.

याचे कारण प्राण्याच्या दुहेरी स्थानात आहे. मांजर घरात वावरते, चुलीपाशी झोपते, माणसाच्या मांडीवर बसते. तरीही ते माणसाच्या भाषेबाहेरच राहते. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१९ मधील निबंधात ज्या अनुभवाला ‘उनहाइमलिश’ म्हटले, तो परिचितातूनच उद्भवणाऱ्या अनोळखीपणाचा अनुभव होय. घरातील प्राणी या अनुभवाचे सहज माध्यम बनतो. तो पाहतो, पण काय पाहतो ते सांगत नाही. त्याच्या या मौनात माणूस स्वतःला हवा तो अर्थ भरू शकतो.

मराठी वाचकाला प्राणिकथा नवी नाही. पंचतंत्र, हितोपदेश व इसापनीती यांतील कोल्हा धूर्त असतो, सिंह बलाढ्य असतो आणि गाढव मूर्ख असते. तेथे प्राण्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो व कथेच्या शेवटी तात्पर्य हाती येते. गॉथिक कथेकडेही याच सवयीने पाहिले, म्हणजे ‘काळे मांजर म्हणजे सदसद्विवेक’ किंवा ‘माकड म्हणजे वासना’ असे समीकरण मांडले, की कथा सुटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात गॉथिक कथा अशा समीकरणाविषयीच संशय निर्माण करते.

२. वाचनाच्या दोन परंपरा

मानसशास्त्रीय वाचनाचा पाया फ्रॉईड यांच्या लेखनात आहे. १९०९ मध्ये त्यांनी ‘लिटल हान्स’ या बालकाची केस प्रसिद्ध केली. त्या मुलाला वाटणारी घोड्याची भीती ही मुळात वडिलांविषयीची भीती असून ती प्राण्यावर स्थलांतरित झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९१३ मधील ‘टोटेम अँड टॅबू’ या ग्रंथात त्यांनी हीच कल्पना समाजाच्या पातळीवर नेली. मारी बोनापार्त यांनी १९३३ मध्ये पो यांच्यावरील विस्तृत मनोविश्लेषणात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याला फ्रॉईड यांची प्रस्तावना होती. बोनापार्त यांच्या मते पो यांच्या कथेतील मांजर हे मातृप्रतिमेचे रूप आहे. कार्ल युंग यांच्या ‘छाया’ या संकल्पनेचा आधार घेणारे वाचक प्राण्यामध्ये व्यक्तीने नाकारलेले तिचेच अंग पाहतात.

प्रतीकात्मक वाचनाची परंपरा याहून जुनी आहे. मध्ययुगीन युरोपातील प्राणिकोशांत प्रत्येक प्राण्याला धार्मिक अर्थ दिलेला असे. काळ्या मांजराचा चेटकिणीशी जोडलेला संबंध लोकसमजुतीतून साहित्यात आला. हेन्री फ्युसेली यांच्या १७८१ मधील ‘द नाइटमेअर’ या चित्रात निद्रिस्त स्त्रीच्या छातीवर वानरसदृश आकृती बसलेली असून पडद्यामागून घोड्याचे डोके डोकावते. चार्ल्स डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ मध्ये आल्यानंतर वानराच्या प्रतिमेला नवा भार प्राप्त झाला : ते केवळ सैतानाचे सोंग न राहता माणसाचे आप्तही ठरले. अलीकडील काळात या परंपरेला सामाजिक इतिहासाची जोड मिळाली आहे. लेस्ली गिन्सबर्ग यांनी १९९८ मध्ये ‘द ब्लॅक कॅट’चे वाचन अमेरिकेतील गुलामगिरीच्या संदर्भात केले. मालकाची माया आणि त्याची निरंकुश सत्ता एकाच घरात कशा नांदतात, हे त्यातून स्पष्ट होते.

या दोन्ही परंपरांत प्राणी दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभा असतो. मात्र कथेत त्याला त्या जागी प्रथम कोणी उभे केले, हे तपासले असता वेगळे चित्र दिसते.

३. ‘द ब्लॅक कॅट’ : कबुलीजबाबाचे व्याकरण

पो यांची ही कथा १९ ऑगस्ट १८४३ रोजी फिलाडेल्फियातील एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या दिवशी फाशी जाणारा एक अनाम कैदी ती सांगतो. बालपणापासून प्राण्यांवर प्रेम करणारा हा मनुष्य दारूच्या आहारी जातो, प्लूटो नावाच्या लाडक्या मांजराचा एक डोळा चाकूने काढतो आणि पुढे त्याला झाडाला टांगून मारतो. त्याच रात्री त्याचे घर जळते. कालांतराने तो तसेच एकाक्ष, परंतु छातीवर पांढरा डाग असलेले दुसरे मांजर घरी आणतो. तळघरात त्या मांजरावर उगारलेली कुऱ्हाड पत्नी अडवते, तेव्हा तो पत्नीलाच ठार करतो व तिचा देह भिंतीत चिणतो. पोलिसांसमोर तो त्याच भिंतीवर काठी आपटतो आणि आतून आलेल्या आवाजाने गुन्हा उघड होतो.

निवेदक घटनांची कारणे कशी देतो, हे पाहण्यासारखे आहे. आगीतून वाचलेल्या भिंतीवर गळ्यात दोर असलेल्या मांजराची आकृती उमटते. हे सर्वांत अद्भुत दृश्य; पण त्याचे स्पष्टीकरण तो चुना, ज्वाळा आणि मृतदेहातून निघालेला अमोनिया यांच्या साहाय्याने, एखाद्या रसायनशास्त्रज्ञाच्या थाटात देतो. याउलट, स्वतःच्या हाताने केलेल्या कृत्यांची कारणे मात्र तो स्वतःबाहेर शोधतो : दारूचा सैतान, मानवी स्वभावातील विकृत प्रेरणा आणि अखेरीस मांजराची कपटबुद्धी. शेवटच्या वाक्यात तर खुनाची चिथावणी तो मांजराच्या नावावर मांडतो. गूढ घटनेला विज्ञान आणि स्वतःच्या गुन्ह्याला गूढ, अशी ही उलटी वाटणी आहे.

दुसरे मांजर प्रत्यक्षात काय करते? ते मालकाच्या मागे मागे येते, खुर्चीखाली बसते, गुडघ्यांवर उडी मारते, कपड्यांत नखे रुतवून छातीपर्यंत चढते. हे माया लावणाऱ्या कोणत्याही मांजराचे वर्तन आहे. भिंतीत कोंडले गेलेले मांजर आवाज ऐकून ओरडते, यातही अतिमानवी काही नाही. पांढऱ्या डागात फाशीचा खांब निवेदकाला दिसतो. म्हणजे प्रतीक मांजराच्या अंगावर जन्मत नाही, ते पाहणाऱ्याच्या दृष्टीत आकार घेते. येथे पो यांच्या दुसऱ्या एका लेखनाची आठवण उपयुक्त ठरते. जानेवारी १८४० मध्ये त्यांनी सहजप्रेरणा व बुद्धी यांच्यावरील छोट्या लेखात स्वतःच्या काळ्या मांजरीचे वर्णन केले होते. ती स्वयंपाकघराच्या दाराची कडी कशी उघडते, याचे त्यात बारीक व कौतुकपूर्ण निरीक्षण आहे. कथाकार पो यांना काळे मांजर हा एक चतुर जीव म्हणून परिचित होता. त्यांच्या निवेदकाला मात्र तो केवळ आरोपी म्हणून हवा आहे.

या दृष्टीने विल्यम होगार्थ यांची १७५१ मधील ‘द फोर स्टेजेस ऑफ क्रुएल्टी’ ही चित्रमालिका कथेची खरी पूर्वज ठरते. तिच्यात लहानपणी मुक्या जनावरांचे हाल करणारा तरुण पुढे स्त्रीचा खून करतो. पो यांच्या कथेतही मांजरापासून पत्नीपर्यंत हिंसेचा एकच प्रवास आहे. मांजराचा डोळा काढण्यापूर्वीच निवेदकाने पत्नीवर हात उगारलेला असतो, हे तो एका ओझरत्या उल्लेखात सांगून टाकतो. ज्या वाचनात मांजर म्हणजे केवळ माता, विवेक किंवा मृत्यू ठरते, त्या वाचनात ही पत्नी अदृश्य होते. कथेत तिला नाव नाही, आवाज नाही. प्रतीकाच्या शोधात रमलेला समीक्षक नकळत निवेदकाचीच बाजू मांडू लागतो.

४. ‘ग्रीन टी’ : निदानाची मर्यादा

शेरिडन ल फानू यांची ‘ग्रीन टी’ ही कथा १८६९ मध्ये डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या नियतकालिकात आली आणि १८७२ मध्ये ‘इन अ ग्लास डार्कली’ या संग्रहात समाविष्ट झाली. रेव्हरंड जेनिंग्ज हे विद्वान धर्मोपदेशक रात्री हिरवा चहा घेत प्राचीन धर्मविचारावर लेखन करीत असतात. एका संध्याकाळी घोड्यांच्या बसमध्ये त्यांना अंधारात दोन लाल ठिपके दिसतात. ते एका लहान काळ्या माकडाचे डोळे असतात. छत्रीचे टोक त्याच्या शरीरातून आरपार जाते. पुढे हे माकड प्रार्थनेत विघ्न आणते, प्रवचनाच्या वेळी उघड्या ग्रंथावर येऊन बसते, आणि अखेरीस बोलू लागते.

पो यांचे मांजर रक्तामांसाचे होते. ल फानू यांच्या माकडाला देहच नाही. त्यामुळे या कथेत अर्थ लावण्याला पूर्ण मोकळीक आहे, आणि प्रत्येक पिढीने ती घेतली आहे. हे माकड दडपलेली कामवासना आहे, डार्विनोत्तर धर्मसंशय आहे, अभ्यासिकेतील एकाकीपण आहे, असे अनेक अर्थ मांडले गेले. त्यांपैकी एकही असंभाव्य नाही. तथापि कथेच्या चौकटीत अर्थ लावण्याचे काम एका पात्राकडे आधीच सोपवलेले आहे : ते म्हणजे डॉ. मार्टिन हेसेलियस.

हेसेलियस रुग्णाचे सर्व म्हणणे ऐकून घेतात व माकड दिसताच आपल्याला निरोप पाठवावा, असे बजावतात. त्यानंतर या प्रकरणाचा निवांत विचार करता यावा म्हणून ते शहराबाहेरील एका खाणावळीत जाऊन राहतात आणि घरी पत्ता ठेवत नाहीत. जेनिंग्ज यांचा निरोप त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही. ते पोहोचतात तेव्हा जेनिंग्ज यांनी वस्तऱ्याने आपला अंत करून घेतलेला असतो. यानंतर हेसेलियस आपल्या उपपत्तीचे विवेचन करतात. हिरव्या चहाने अंतर्चक्षू उघडला, तो बंद करणे आपल्याला सहज शक्य होते, आत्महत्येचे कारण मात्र आनुवंशिक होते. शिवाय प्रत्यक्ष उपचार सुरूच झाले नव्हते, म्हणून हे आपले अपयश नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

कथेतील खरे भय या शांत, शास्त्रीय स्वरात आहे. माकडाचे निदान जितके परिपूर्ण होते, तितका पीडित मनुष्य दृष्टीआड होतो. माकडाचा अर्थ सांगणे आणि जेनिंग्ज यांच्या सोबत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. डॉक्टरांनी पहिली केली, दुसरी केली नाही. मानसशास्त्रीय समीक्षेलाही ही कथा एक सावधगिरीची सूचना देते.

५. ‘द मार्क ऑफ द बीस्ट’ : पशू कोण?

किपलिंग यांची १८९० मधील ही कथा भारतात घडते, म्हणून येथील वाचकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशेष आहे. नववर्षाच्या आदल्या रात्री फ्लीट नावाचा मद्यधुंद इंग्रज मारुतीच्या मूर्तीच्या कपाळावर चिरूट विझवतो आणि आपण पशूची खूण उमटवल्याची बढाई मारतो. त्याच क्षणी मूर्तीमागून आलेला एक कुष्ठरोगी त्याच्या छातीला डोके टेकवतो. पुढे फ्लीट कच्चे मांस मागू लागतो, घोडे त्याला पाहून बुजतात आणि तो लांडग्यासारखा ओरडू लागतो.

कथेच्या शीर्षकातील ‘पशू’ हा शब्द बायबलमधून आला आहे. तेथे पशूची खूण हे ईश्वरद्रोहाचे चिन्ह आहे. मारुतीच्या बाबतीत हा अर्थ लागू पडत नाही. ज्या समाजात गावाच्या वेशीवर मारुतीचे देऊळ असते, भक्ती आणि शक्ती यांचा आदर्श म्हणून त्याची उपासना होते, तेथे वानररूप हे पशुत्वाचे चिन्ह नव्हे. एकच प्राणिरूप एका संस्कृतीत अधःपतनाचे व दुसऱ्या संस्कृतीत देवत्वाचे निदर्शक असते. म्हणजेच प्रतीकांचा सर्वत्र लागू पडणारा कोश संभवत नाही, आणि फ्लीटच्या अपराधाची सुरुवात आपलाच कोश सार्वत्रिक मानण्यातून होते.

कथेचा गाभा मात्र याच्याही पुढे आहे. मित्राला वाचवण्यासाठी पोलीस अधिकारी स्ट्रिकलंड व निवेदक त्या कुष्ठरोग्याला पकडतात आणि तापवलेल्या बंदुकीच्या नळ्यांनी त्याचा छळ करतात. हा भाग छापण्याजोगा नाही, असे सांगून निवेदक तो गाळतो. फ्लीटच्या लांडगेपणाचे वर्णन तपशिलाने येते, दोन शुद्धीवर असलेल्या अधिकाऱ्यांच्या क्रौर्याच्या जागी मात्र रिकामी ओळ येते. कुष्ठरोग्याला चेहरा नाही, तो प्राण्यासारखा आवाज काढतो, असे वर्णन आधीच करून ठेवल्यामुळे त्याचा छळ करणे निवेदकाला सोपे जाते. प्राण्याची प्रतिमा येथे माणसाला माणसांतून वगळण्याचे साधन बनली आहे.

६. ‘स्रेद्नी वाष्टार’ : वाचकाचा सहभाग

साकी या टोपणनावाने लिहिणारे हेक्टर ह्यू मन्रो यांची ही कथा १९११ मधील ‘द क्रॉनिकल्स ऑफ क्लोविस’ या संग्रहात आहे. दहा वर्षांचा आजारी कॉनराडिन आपली पालक असलेल्या मिसेस डी रॉप यांच्या जाचाखाली जगतो. बागेतील अडगळीच्या खोलीत त्याने एक कोंबडी आणि एक फेरेट, म्हणजे मुंगसासारख्या लांबट देहाचा शिकारी प्राणी, लपवून ठेवलेला असतो. फेरेटला तो स्रेद्नी वाष्टार असे नाव देतो, त्याला देव मानतो, लाल फुले वाहतो. पालकबाई कोंबडी विकून टाकतात, तेव्हा तो देवाकडे एकच मागणे मागू लागतो.

मन्रो यांची आई ते लहान असतानाच वारली व त्यांचे बालपण डेव्हनमध्ये कडक शिस्तीच्या आत्यांकडे गेले. त्यांची बहीण एथेल हिने या कथेतील पालकबाईंचा संबंध आपल्या एका आत्याशी जोडला आहे. त्यामुळे फेरेट हे दडपलेल्या बालरोषाचे प्रतीक आहे, हे वाचन सहज सुचते व ते योग्यही आहे. परंतु कथेची यंत्रणा अधिक सूक्ष्म आहे. मुलगा आपल्या प्रार्थनेत नेमके काय हवे ते कधीच उच्चारत नाही. ते वाचक मनात पूर्ण करतो. दुसरीकडे, पालकबाई पेटीत गिनीपिग असावेत असे गृहीत धरून निर्धास्तपणे आत जातात. मुलाच्या दृष्टीने तो देव, बाईंच्या दृष्टीने निरुपद्रवी कचरा; प्रत्यक्षात तो तीक्ष्ण दातांचा फेरेट आहे आणि डिवचल्यावर शिकारी प्राण्यासारखाच वागतो. तो तोंडाभोवती ओले, गडद डाग घेऊन बाहेर येतो आणि मुलगा टोस्टला शांतपणे लोणी लावतो.

वाचकाला या शेवटाने सुटकेचे समाधान मिळते. ‘देवाने केले’ असे मानल्यामुळे एका स्त्रीचा मृत्यू आपण इच्छिला होता, ही गोष्ट वाचक स्वतःपासून लपवू शकतो. मागील तीन कथांत जबाबदारी टाळणारे पात्र होते. येथे ती जागा वाचकाला देऊ केली आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

या कथा वर्गात शिकवताना फळ्यावर ‘प्राणी’ व ‘अर्थ’ असे दोन रकाने आखण्याची पद्धत सोयीची वाटते. परीक्षेच्या उत्तरात ती चालूनही जाते. तिच्यामुळे विद्यार्थी उत्तर पाठ करतो, पण निवेदकावर संशय घेण्यास शिकत नाही. त्याऐवजी तीन प्रश्नांचा क्रम अधिक फलदायी ठरू शकतो. कथेतील प्राणी प्रत्यक्षात काय करतो? त्या वर्तनाला कोणते पात्र कोणता अर्थ देते? आणि तो अर्थ मान्य केला, तर कोणाचे दुःख किंवा कोणाचा अपराध झाकला जातो? पहिल्या प्रश्नाने बारकाईचे वाचन घडते, दुसऱ्याने निवेदनतंत्राची ओळख होते आणि तिसऱ्याने मानसशास्त्रीय व सामाजिक समीक्षेचे दार उघडते. फ्रॉईड वा युंग यांची परिभाषा या टप्प्यावर आणल्यास ती विद्यार्थ्याला विचाराचे साधन म्हणून हाताळता येते.

८. निष्कर्ष

गॉथिक लघुकथेतील प्राण्यांची मानसशास्त्रीय व प्रतीकात्मक वाचने परस्परविरोधी नाहीत, आणि त्यांपैकी कोणतेही त्याज्य नाही. मात्र चारही कथांत प्राण्याला अर्थ देणे ही एक कृती आहे व तिचे परिणाम जिवंत माणसांना भोगावे लागतात. पो यांचा निवेदक मांजरावर आरोप ठेवून पत्नीच्या खुनातून अंग काढून घेतो. हेसेलियस यांचे निदान त्यांच्या गैरहजेरीवर पांघरूण घालते. किपलिंग यांचे अधिकारी दुसऱ्याला पशू ठरवून स्वतःचे क्रौर्य गाळतात. साकी यांचा वाचक देवाच्या आडून आपली इच्छा पुरी करून घेतो. प्राणी या सर्व काळात प्राणीच राहतो. ओरडणे, चावणे, मागे मागे येणे हे त्याचे स्वाभाविक वर्तन सोडत नाही. भय निर्माण होते ते त्या वर्तनावर चढवलेल्या अर्थातून. हा अर्थ तपासून घेण्याची सवय वाचकाला लागली, तर चिणलेल्या भिंतीमागे मांजराबरोबर एका स्त्रीचा देहही आहे, हे त्याच्या नजरेतून सुटणार नाही.